बाटली परत द्या

गोटी सोड्याच्या रिकाम्या बाटलीचं वजन आत मावणाऱ्या सोड्यापेक्षा जास्त भरतं, आणि तिची किंमतही. या धंद्याची सगळी गोम त्यातच आहे. सोडावाला पाणी, साखर आणि वायू विकायचा, पण त्याचं भांडवल अडकलेलं असायचं काचेत. गिऱ्हाईक बाटली घेऊन गेलं की त्या दिवसाची कमाई गेली. त्यामुळे सोडा कुठे प्यायचा, कोणी प्यायचा, किती वेळात संपवायचा, हे सगळं त्या बाटलीनं ठरवलं.

माझं लहानपण पुलगावात गेलं आणि नोकरी वर्धा जिल्ह्यातल्याच शाळांत, इतिहास शिकवण्यात. रेल्वेचं जाळं, स्वदेशीची चळवळ आणि ग्रामोद्योग हे तीन धडे मी मुलांना वेगवेगळे शिकवत आले. तिन्ही धड्यांतून फिरून आलेली एक वस्तू पुलगावच्या गिरणीच्या फाटकापाशी हातगाडीवर उभी असायची. पण पुस्तकात तिचं नावही नव्हतं.

सुरुवात आपल्याकडची नाही. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टले लीड्सला एका दारूभट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर जो वायू साठतो तो पाण्यात मुरवता येतो, हे त्याच्या १७६७च्या सुमारास ध्यानात आलं. १७७२ मध्ये त्यानं ती कृती छापली. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना होणाऱ्या स्कर्व्हीवर हे पाणी उपयोगी पडेल, अशी त्याची समजूत होती. तसा काही गुण त्यात निघाला नाही. जिनिव्हाच्या याकोब श्वेप यानं त्याचा धंदा केला आणि १७९० च्या दशकात तो लंडनला नेला. खडू किंवा खाण्याचा सोडा घ्यायचा, त्यावर आम्ल टाकायचं, निघालेला वायू दाबानं पाण्यात कोंबायचा. पाणी तयार होत होतं, ते टिकत नव्हतं. बूच सुकलं की वायू निसटायचा.

त्यावर तोडगा काढला लंडनच्या हायरम कॉडनं, १८७० च्या सुमारास. जाड काचेची बाटली, मानेत काचेची गोटी आणि तोंडाच्या आतल्या खाचेत रबराचं कडं. बाटली उलटी धरून भरायची. गोटी तोंडाशी येते आणि आतला वायूच तिला रबरावर दाबून धरतो. जो पळून जायला बघतो, त्यालाच दाराशी राखणीला बसवलं. बूच नको, लाख नको, तार नको. मानेला दोन खळगे दिलेले असतात. बाटली त्या बाजूनं तिरपी केली की गोटी तिथे अडकते आणि धार वाहती राहते. दुसऱ्या बाजूनं तिरपी केली तर गोटी परत तोंडाशी येऊन बसते आणि पिणारा नुसताच बाटली हलवत राहतो. लहान भावंडांना ही युक्ती न सांगणं हा आमच्या पिढीचा आवडता खेळ होता.

मुंबईत सोडा कॉडच्याही आधी आला होता. रॉजर्स कंपनीचं नाव १८३७ पासून घेतलं जातं, पालनजींचं १८६५ पासून. पुण्यात अर्देशर १८८४ पासून आहेत. ड्यूक्सची सुरुवात १८८९ ची. यातली बरीचशी नावं पारशी आहेत. रासबेरी सोडा पारशी लग्नाच्या पंगतीत जो बसला तो आजतागायत उठलेला नाही.

आमच्या जिल्ह्याची कहाणी रुळांवरून येते. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची कामं इथे पोचली आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरपर्यंत धावू लागली. ती माणसांसाठी आणली असं म्हणायला जागा नाही. ती आणली कापसासाठी. हिंगणघाटचा कापूस मँचेस्टरच्या बाजारात नावानं ओळखला जायचा. त्याच्या मागोमाग जिनिंग, प्रेसिंग, मग हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्या आल्या. १९१७ मध्ये पुलगावहून आर्वीला नॅरोगेज सुरू झाली तीही कापसाच्या गाठींसाठीच. रोख मजुरी मिळणारी माणसं एका जागी जमली, भोंग्यावर सुटू लागली आणि वरून ऊन आमचं, मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारं. सोडावाल्याला आणखी काय हवं होतं?

त्या उन्हाचा आणि या धंद्याचा संबंध मात्र दुहेरी आहे. शून्य अंशाला एक लिटर पाण्यात साधारण पावणेदोन लिटर वायू विरघळतो, २० अंशांना लिटरच्या आत, आणि ४० अंशांना अर्ध्या लिटरच्या आसपास. म्हणजे सोडा जेव्हा सर्वांत जास्त खपतो, तेव्हाच तो भरायला सर्वांत अवघड. गरम पाण्यात वायू मुरत नाही, आणि भरलेली बाटली उन्हात राहिली तर मुरलेला वायू बाहेर यायला बघतो, दाब वाढतो, बाटली फुटते.

आमच्या घरामागच्या गल्लीत सोड्याचा एक छोटा कारखाना होता. कारखाना म्हणायचा तो मालकाच्या मोठेपणासाठी. होती एक खोली, एक यंत्र आणि एक सिमेंटचा हौद. पहाटे विहिरीचं पाणी गार असतं म्हणून काम पहाटे चालायचं. आधी बाटलीत मापानं पाक आणि इसेन्स, मग पाणी. बाटल्या यंत्राच्या पाळण्यात आडव्या अडकवायच्या, नळकांड्यातून वायू सोडायचा आणि चाक फिरवायचं. पाळणा उलटा झाला की आतल्या गोट्या एकदम खट्‌ करून बसायच्या. चाक फिरवणारा माणूस हाताला पोत्याच्या चिंध्या गुंडाळायचा आणि तोंडासमोर जाळी धरायचा. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत काचेचे जुने व्रण होते. भरलेल्या बाटल्या ओल्या पोत्यांखाली जायच्या आणि दहा वाजता गाडीवर चढायच्या.

गाडीवर सात-आठ रंग असत. साधा सोडा, लेमन, जिंजर, रासबेरी, ऑरेंज, आईस्क्रीम सोडा, जिरा. पुरुष उभ्या उभ्या प्यायचे. गाडीवाला लाकडी ठोकळ्यानं गोटी आत ढकलायचा, फेस हातावर यायचा, बाटली रिकामी व्हायची आणि जागच्या जागी क्रेटमध्ये परत जायची. अनामत नाही, वही नाही, भरवसा ठेवण्याचा प्रश्नच नाही. उभ्यानं पिण्याची ही रीत कोणाच्या आवडीनं पडली नव्हती. मालकाची काच नजरेआड होऊ नये म्हणून पडली होती.

आणि नेमकी तिथेच घरातल्या बाया वगळल्या गेल्या. भर बाजारात गाडीपाशी उभं राहून बाटली तोंडाला लावणं आमच्या घरातल्या कोणत्याही बाईला जमण्यासारखं नव्हतं. घरी मागवावा तर बाटली घरी येते, आणि ती मालकाला चालत नाही. त्यावर निघालेला मार्ग म्हणजे गाडीवरचं पोरगं. ते चार बाटल्या घेऊन दारात यायचं आणि रिकाम्या बाटल्या हाती पडेपर्यंत ओट्यावर उभं राहायचं. माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, स्वयंपाकघराच्या दाराआड पितळी पेल्यात ओतून प्यायची. बाहेरून पोरगं ओरडायचं, "बाई, बाटली द्या न लवकर, मालक खवळते!" ती आतून म्हणायची, "थांब रे पोट्ट्या, गळ्यात अडकते ना मह्या!" सोडा सावकाश पिता येतो हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

आणि हे पिणंही पोट बिघडल्याच्या नावाखाली. लिंबू पिळून, काळं मीठ टाकून, ढेकर येईपर्यंत. बाईनं मौजेखातर पैसे खर्च करायचे नाहीत, पण औषधाला कोण अडवणार? प्रीस्टलेच्या खलाशांना सोड्यानं काही बरं वाटलं नसेल, आमच्याकडच्या दोन पिढ्यांच्या बायकांना मात्र त्या औषधानं फार बरं वाटलं. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत सोडा प्यायची मुभा मिळायची ती जत्रेत. गिरडच्या टेकडीवरून बाबा फरीदांच्या दर्ग्याचं दर्शन घेऊन खाली उतरलं की आई, मोठी आई, आत्या सगळ्या एका रांगेत उभ्या राहून रासबेरी प्यायच्या. जत्रेत कोणी कोणाला बघत नसतं, किंवा बघितलं तरी गावात सांगत नसतं.

आता या जिल्ह्याची दुसरी ओळख. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले. त्या शेगावचं १९४० मध्ये सेवाग्राम झालं. वर्ध्यातच मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं ठाणं होतं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ, ताडगूळ यांवर तिथे प्रयोग झाले. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. या मंडळींनी पुढे केलेलं पेय होतं नीरा. ताडाचा किंवा शिंदीचा रस सूर्योदयाआधी उतरवायचा, ताजा प्यायचा किंवा आटवून गूळ करायचा. उशीर झाला की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. शिंदीची झाडं आमच्या नाल्याकाठी हवी तेवढी होती, त्यांच्यावर चढणारी माणसंही होती. दारूचं झाड गुळाचं झाड करायचं, असा तो विचार.

मगनवाडीच्या यादीत सोडा बसणं शक्य नव्हतं. विलायती यंत्र, पांढरी साखर, रंग, इसेन्स! पण तत्त्व बाजूला ठेवून नुसता कारभार बघावा. एक खोली, एक-दोन माणसं, हातानं फिरणारं चाक, गावातलं पाणी, चार-पाच कोसांतलं गिऱ्हाईक आणि पन्नास वेळा परत येणारी बाटली. कुमारप्पांनी ग्रामोद्योगाच्या ज्या कसोट्या मांडल्या त्यांतल्या बऱ्याच कसोट्यांना सोडावाला नकळत उतरत होता. नीरेला सरकारी परवाने लागत आणि पहाटेची घाई असे, म्हणून ती बाजारात फार पसरली नाही. सोड्याला यातलं काही लागत नव्हतं.

सत्तरच्या दशकात जिल्ह्यात दारूबंदी आली, आणि साधा सोडा एकाएकी संशयित झाला. रासबेरी मागितली तर कोणी मान वर करत नसे, रंग-चव नसलेल्या दोन बाटल्या संध्याकाळी मागितल्या की दुकानदार हळूच विचारायचा, "पाहुणे आले का जी?" लग्न होऊन मी वर्ध्याला आले तेव्हा सासूबाईंना पित्तासाठी रोज सोडा लागायचा. माझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही, पण गल्लीत त्यांच्याविषयी बोललं जायचं ते त्या बाटल्यांवरून.

हातगाडीचा सोडा संपला तो दारूबंदीमुळे नाही. अमेरिकेत विल्यम पेंटरनं १८९२ मध्ये पत्र्याचं दातेरी झाकण काढलं होतं. ती बाटली हलकी, स्वस्त, झपाझप भरता येणारी. इंग्लंडात कॉडची बाटली त्यानंतर मागे पडली. आपल्याकडे ती पुढे कित्येक दशकं टिकली, कारण इथे मजुरी स्वस्त आणि काच महाग. १९७७ मध्ये कोका-कोला देश सोडून गेली. सरकारी मॉडर्न फूडनं 'डबल सेव्हन' काढलं, पारलेचं थम्स अप आलं. गोल्ड स्पॉट आणि लिम्का आमच्या किराणा दुकानापर्यंत पोचले, तरी काचेची बाटली परत द्यावी लागत होती, त्यामुळे गल्लीतला सोडावाला कसाबसा तग धरून होता. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिनं पारलेचे ब्रँडच विकत घेतले. मग प्लास्टिकची बाटली आली आणि हिशेबच बदलला. गिऱ्हाईक आता बाटलीसकट सोडा घेऊन चालायला लागलं. मोठ्या आईसारख्या बायकांना पहिल्यांदा सोडा घरात ठेवता आला, घोटाघोटानं पिता आला, हेही खरं. ज्याचं सगळं भांडवल काचेत होतं त्याच्यापाशी मात्र यावर उत्तर नव्हतं. मागच्या गल्लीतलं यंत्र भंगारात गेलं.

उरलासुरला धक्का कराचा. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा गोड वायुयुक्त पेयांवर २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर बसला. २०१९ पासून छोट्या उत्पादकांसाठी असलेल्या सवलतीच्या कंपोझिशन योजनेतूनही सोडा बनवणारे वगळले गेले. त्या योजनेत ज्यांना जागा नाही अशांच्या यादीत तंबाखू आणि पानमसाल्याशेजारी आता सोडाही आहे. मोठी आई ज्याला औषध म्हणत होती त्याची ही बढती.

गेल्या उन्हाळ्यात सगळे एकत्र जमले तेव्हा माझ्या मुलानं घाट घातला: ज्याच्या गावाला जो सोडा मिळतो तो त्यानं आणायचा. पुण्याहून अर्देशरची रासबेरी आणि जिंजर आले, मुंबईच्या भाच्यानं पालनजीची रासबेरी आणली, सुरतेला असलेल्या नणंदेच्या जावयानं सोस्यो, आणि चेन्नईला नोकरी करणाऱ्या पुतणीनं पन्नीर सोडा. धाकट्या दिरांनी यात्रेतून मसाला गोटी सोडा आणला. सगळं बर्फाच्या घमेल्यात ठेवलं, स्टीलचे छोटे पेले मांडले आणि दुपारच्या जेवणानंतर ओसरीवर बैठक बसली.

दोन रासबेऱ्यांवरून पहिलाच वाद झाला. दोन्ही कुंकवासारख्या लाल, दोन्ही गोड. पुणेकर नातवाला पुण्याचीच आवडणार हे ठरलेलं होतं. मला मुंबईची थोडी जास्त दमदार वाटली. पण आमच्या पुलगावच्या रासबेरीत जो किंचित औषधी वास असायचा तो दोन्हींत नव्हता. पन्नीर सोड्याला गुलाबपाण्याचा वास. सगळ्यांना वाटलं होतं पनीर घातलंय. तसं काही नाही. माझे दीर म्हणाले, "हे तर लग्नातलं गुलाबपाणी हाय, शिंपडाचं का प्याचं?" पोरांनी मात्र त्याचाच दुसरा पेला मागितला. जिंजरनं नाक झिणझिणलं आणि थोरांची मतं तिला पडली. सोस्योची चव द्राक्ष-सफरचंदाच्या मधली, जराशी आंबूस. दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढलेल्या माझ्या जाऊबाईंनी पेला नाकाशी नेला आणि थेट जावयांकडे पाहिलं! मग त्यांना सांगावं लागलं की सोस्यो १९२३ चा आहे, सुरतेच्या हजुरी घराण्यानं विलायती विमटोला तोड म्हणून स्वदेशीच्या दिवसांत काढलेला. "मंग गांधीजींनी पेला असन का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या आहारात खाण्याचा सोडा होता, लिंबू होतं, मध होता. फक्त ते एका बाटलीत कोणी कोंडलेलं नव्हतं.

सगळ्यांत उशिरा माझी पाळी. मी काही विकत आणलं नव्हतं. लाल अंबाडीच्या फुलांचं शरबत आमच्याकडे वर्षभर असतं. त्याच्या चार चमच्यांवर थंड साधा सोडा ओतला. रंग रासबेरीचा, चव आंबट-तुरट, आणि इसेन्सचा टिपूसही नाही. सुनेनं विचारलं, हे कोणी विकत का नाही? त्यावर कोणापाशी उत्तर नव्हतं. त्याच ओघात मुलानं दुसरी गोष्ट काढली. आर्वी, आष्टी, कारंजा हे आपले संत्र्याचे तालुके. आंबिया बहार आणि मृग बहार, वर्षातून दोनदा फळ. भाव पडला की संत्री रस्त्यावर ओतली जातात. आणि त्याच आर्वीच्या बाजारात आम्ही लहानपणी जो ऑरेंज सोडा प्यायलो त्यात संत्र्याचा थेंब नव्हता, गोल्ड स्पॉटमध्येही नव्हता.

गोटी सोड्याला आता पुन्हा भाव आला आहे. हाथरस जिल्ह्यातल्या सासनीला या बाटल्या बनतात. जपानात रामुने या नावानं हीच बाटली १८८०च्या दशकापासून टिकून आहे, आणि आपला गोटी सोडा २०२५ मध्ये केंद्राच्या 'अपेडा' या निर्यात संस्थेच्या पाठिंब्यानं अमेरिका, ब्रिटन, आखातापर्यंत गेला. आनंदच आहे. पण निर्यात झालेली बाटली परत येत नाही. अर्धा किलो काच एकदा वापरून फेकून द्यायची, तर कॉडनं एवढा खटाटोप कशासाठी केला? ती बाटली पन्नास वेळा भरण्यासाठीच घडवली होती. गोटीचा आवाज ही तिची गंमत, परत येणं हे तिचं अर्थशास्त्र.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कारंज्याची संत्री, सेलू-देवळीची अंबाडी, वर्ध्यात भरलेला वायू, आणि बाटली परत दिली तर दहा रुपये हातावर. गिऱ्हाईक जिल्ह्याबाहेर शोधायचंच नाही, म्हणजे काच हरवत नाही. आणि या खेपेला बायकांना दाराआड पिण्याची गरज नाही, कारण बचत गटातल्या बायकाच ते भरतील आणि बाटल्या मोजून घेतील. मगनवाडीत हा हिशेब मांडला असता तर कुमारप्पांनी मान डोलावली असती. साखरेच्या जागी गूळ घाला, एवढा वाद मात्र त्यांनी घातलाच असता.